राजीनामा सगळ्यात शेवटी: नोकरी सोडून फ्रीलान्सवर राहत चित्रकला शिकायची, तर कामं कोणत्या क्रमाने करावीत

‘नोकरी सोडू का?’ असं विचारायला येणाऱ्या माणसाच्या मेलमध्ये राजीनाम्याचा मसुदा बहुतेक वेळा आधीच तयार असतो. तयार नसतं ते बाकीचं सगळं. नेहमीचा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आता पाठ झालाय: आधी राजीनामा, मग थोडी विश्रांती, मग रंगांची आणि कागदांची दणकून खरेदी, मग चांगला कोर्स शोधणं, मग क्लायंट शोधणं, आणि बँकेतली शिल्लक तळाला लागली की खर्चाचा हिशेब. ही यादी खालून वर वाचा. या लेखाचं निम्मं काम तिथेच होतं.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. कमाईचं काम वेगळं आणि शिकायचं काम वेगळं. पहिलं किमान वर्षभर तरी पोट अशा कौशल्यावर चालवा, जे लोक तुमच्याकडून आजही पैसे देऊन घेतील: हिशेबनीसी, भाषांतर, कोडिंग, शिकवणी, संपादन, जे काही असेल ते. मी नोकरीत यंत्रांची मॅन्युअलं लिहायचे. नोकरी सोडल्यावरही मॅन्युअलंच लिहिली, फक्त सकाळचं चित्र काढून झाल्यावर.

हे रटाळ वाटतं, मान्य. पण नुकतं शिकायला घेतलेलं चित्रच विकून जगायचं ठरवलं, की जे जमतं तेवढंच माणूस काढत राहतो. सुरुवातीला मी हा घोळ घातला होता. ओळखीच्यांची व्यक्तिचित्रं पैसे घेऊन काढायला लागले आणि चारेक महिन्यांनी लक्षात आलं, की माझ्या चित्रातल्या प्रत्येक माणसाचे हात खिशात तरी आहेत, नाहीतर पाठीमागे. हात काढता येत नव्हते, आणि गिऱ्हाइकाच्या पैशांवर ते शिकायची सोय नव्हती.

## टप्पा १: खर्च मोजा, अंदाज बांधू नका

सलग ३ महिने प्रत्येक खर्च लिहा. ‘साधारण इतका होतो’ हा आकडा नेहमी कमी निघतो, कारण त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च धरलेले नसतात: विम्याचा हप्ता, फिया, दुरुस्त्या, प्रवास, कुणाचं लग्न. अशा वर्षभराच्या खर्चांची बेरीज करा, १२ ने भागा आणि महिन्याच्या खर्चात मिळवा.

त्यानंतर कंपनी गुपचूप भरत होती ते मांडा. आरोग्य विमा, भरपगारी रजा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, बरी खुर्ची आणि पगारातून परस्पर कापला जाणारा कर. उद्यापासून हे सगळं तुमच्या खिशातून जाणार आहे.

आता किती दिवस तग धरता येईल ते काढा. कुठलंही चलन धरा. समजा महिन्याचा खर्च १०० आहे आणि शिल्लक १,४००. त्यातले ३०० आजारपण आणि अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाका आणि ते नाहीतच असं समजा. उरले १,१००, म्हणजे काहीही कमाई झाली नाही तरी ११ महिने. फ्रीलान्समधून महिन्याला सरासरी ४० येत असतील तर तूट ६० ची, म्हणजे साधारण १८ महिने.

यातला ४० चा आकडा कल्पनेतून आणायचा नाही. तो पुढच्या दोन टप्प्यांत प्रत्यक्ष कमावून मगच इथे लिहायचा. तोपर्यंत त्या जागी शून्य.

सावधान: फ्रीलान्सच्या बिलाची रक्कम म्हणजे तुमची कमाई नव्हे. त्यातला कराचा वाटा पैसे जमा झाले त्याच दिवशी बाजूला काढा. किती काढायचा ते जिथे राहता तिथल्या कर सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारून घ्या.

सावधान: पगाराची पावती लागते अशी कामं (भाडेकरार, क्रेडिट कार्डाची मुदतवाढ) नोकरी असतानाच उरका. नवं कर्ज मात्र घेऊ नका, आणि जुनं महागडं कर्ज असेल तर आधी ते फेडा.

पॉल गोगँ शेअर दलालीतून बाहेर पडून १८८३ मध्ये पूर्णवेळ चित्रकार झाला. आदल्याच वर्षी बाजार कोसळला होता आणि घरात बायको-मुलं होती. मुलं एकूण पाच. दोन वर्षांच्या आत कोपनहेगनमध्ये तो ताडपत्री विकायचा प्रयत्न करत होता. त्याची चित्रं पुढे काय भावाने गेली, याचा त्या वर्षीच्या घरखर्चाला काडीचा उपयोग नव्हता.

## टप्पा २: नोकरीत असतानाच १२ आठवड्यांची रंगीत तालीम

‘नोकरीमुळे वेळच मिळत नाही’ हे कारण खरं आहे का, ते इथे कळतं.

आठवड्यातले ५ दिवस ऑफिसला जाण्याआधी १ तास रेखाटन. संध्याकाळी नको. संध्याकाळचा तास थकव्यावर, ट्रॅफिकवर आणि साहेबाच्या मूडवर चालतो. एका सुट्टीच्या दिवशी ३-४ तास पैसे मिळणारं बाहेरचं काम. आणि हे तिन्ही महिने घर टप्पा १ मध्ये काढलेल्या आकड्यातच चालवायचं, वरचा पगार थेट शिलकीत.

हजेरीची वही ठेवा. बसलात तर तारीख, नाही बसलात तर तारीख आणि खरं कारण. ‘कंटाळा आला’ हेही कारण चालतं, मात्र ते लिहायचं.

तपासा: १२ आठवड्यांत ६० बैठका व्हायला हव्यात. ४५ च्या वर झाल्या तर पुढे जा. ३० च्या आसपास अडकलात तर राजीनाम्याने काही सुधारणार नाही. ज्याला दिवसाला एक तास बसता आलं नाही त्याला रिकामे आठ तास हातात आल्यावर बसवेलच, याला काही आधार नाही. वहीतली कारणं वाचा, वेळ बदला आणि तालीम पुन्हा करा.

सावधान: बाहेरचं काम घेण्याआधी नोकरीचा करार काढून वाचा. बाहेरच्या कामाला बंदी आहे का, परवानगी लागते का, सोडल्यानंतर काही काळ त्याच क्षेत्रात काम करायला मनाई आहे का, हे पाहा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं सॉफ्टवेअर आणि ऑफिसची वेळ या तिन्हींना हात लावू नका. त्यांच्यावर केलेल्या कामावर कंपनी हक्क सांगू शकते.

## टप्पा ३: तीन क्लायंट, एक परत आलेला

राजीनाम्याआधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पैसे आलेले असावेत आणि त्यातला निदान एक जण दुसरं काम घेऊन परत आलेला असावा. मावसभावाने कौतुकाने दिलेलं काम यात धरायचं नाही. पहिलं काम ओळखीवर मिळतं, दुसरं कामावर.

दर ठरवताना जवळजवळ सगळेच एक चूक करतात: पगार भागिले कामाचे तास. वरचंच उदाहरण घेऊ. वर्षाची गरज १,२००. नोकरीचे तास महिन्याला १६० धरले तर वर्षाचे १,९२०. भागाकार ०.६२. हा दर लावलात तर बुडालात.

बरोबर हिशेब असा. गरज १,२००, त्यात कर, विमा आणि साधनांचे समजा ३००. झाले १,५००. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून सुट्ट्या, आजारपण आणि कामाविना जाणारे असे ६ वजा करा, उरले ४६. सकाळ चित्रकलेला दिल्यावर आणि मेल, कोटेशन, पाठपुरावा यांतून उरलेले, ज्यांचं बिल लावता येतं असे तास आठवड्याला १५ धरा. ४६ गुणिले १५ म्हणजे ६९०. दर आला तासाला २.१७, पहिल्या आकड्याच्या जवळपास साडेतीन पट.

हा दर बाजारात मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर जी तूट राहील ती शिलकीतून जाणार, आणि तीच टप्पा १ मध्ये मांडायची. आकडा न आवडल्याने तो बदलायचा मोह होतो. सुट्ट्या शून्य करून पाहाव्याशा वाटतात. करू नका.

काम सुरू करण्याआधी एका पानाचं लेखी ठरवून घ्या. मेल चालतो, तोंडी चालत नाही:

- नेमकं काय द्यायचं, कोणत्या स्वरूपात, कोणत्या तारखेला
- दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत (मी दोन धरते) आणि तिसरीचे किती
- आगाऊ रक्कम (निम्मी मागा), उरलेली अंतिम फाइल देण्याआधी
- काम मधेच थांबलं तर तोपर्यंतचे पैसे किती
- तयार कामाचे हक्क कुणाकडे

आणि एक प्रश्न, जो माझ्याकडून विचारायचा राहिला होता: बिल मंजूर कोण करतं? एका कंपनीचं मॅन्युअल मी वेळेत दिलं, काम देणारा माणूस खूश, आणि बिल चार महिने अडकलं. काम एका विभागाने दिलं होतं, पैसे दुसरा विभाग देणार होता, आणि त्या दुसऱ्या विभागाला बिलावर जो ऑर्डर क्रमांक लागतो तो मला कुणी दिलाच नव्हता. कुणाचा वाईट हेतू नव्हता. रोज एक मेल जायचा, रोज एक नम्र उत्तर यायचं. तेव्हापासून काम हातात घेताना तीन गोष्टी विचारते: बिल कुणाच्या नावे काढायचं, त्यावर कोणता क्रमांक लागतो, आणि महिन्यातल्या कोणत्या तारखेला पैसे सुटतात.

## टप्पा ४: कागदपत्रं आणि सामान

हा टप्पा एका शनिवार-रविवारचा आहे, पण नोकरी असतानाच झाला पाहिजे.

कंपनीचा विमा असेपर्यंत डोळे, दात, पाठ आणि मनगट तपासून घ्या. स्वतःचा विमा कंपनीचा बंद होण्याआधी सुरू झालेला हवा. पगाराच्या पावत्या आणि करकपातीची कागदपत्रं उतरवून ठेवा. बँक, विमा, वीजबिल असं काही ऑफिसच्या मेलला किंवा ऑफिसच्या फोन नंबरला जोडलेलं असेल तर बदला. शेवटच्या दिवशी तो मेल बंद झाला की पासवर्ड बदलायचीही सोय राहत नाही. नोकरीत केलेलं काम नमुना म्हणून दाखवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

सामान कमी घ्या. २बी आणि ६बी पेन्सिल, कोळसा, मळायचा खोडरबर, स्वस्त कागदाचा गठ्ठा, एक साधी स्केचबुक आणि तिरका ठेवता येईल असा बोर्ड. पहिल्या सहा महिन्यांना एवढं पुरतं. महाग कागदावर हात आखडतो, त्यामुळे स्वस्त कागद हीच चांगली गुंतवणूक. रंग लागतील तेव्हा ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण पाहा. एएसटीएम या मानकाची १ किंवा २ श्रेणी असेल तर रंग उजेडात टिकतो. अस्सल अलिझरिन क्रिमसन दिसायला देखणा, पण उडतो.

सावधान: तैलरंग वापरणार असाल तर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टोपलीत टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा काडी न लावता पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी.

## टप्पा ५: राजीनामा

खालच्या चारही गोष्टी ‘हो’ असतील तरच पुढचं वाचा.

- १२ आठवड्यांच्या तालमीत ४५ च्या वर बैठका झाल्या
- तीन क्लायंट, त्यातला एक परत आला
- अडीअडचणीचे पैसे वगळून निदान १० महिन्यांचा खर्च शिलकीत आहे
- ज्यांचा खर्च तुमच्यावर आहे किंवा तुमचा ज्यांच्यावर पडू शकतो, त्यांना आकडे माहीत आहेत

शेवटच्या मुद्द्यावर लोक गडबडतात. घरच्यांसमोर स्वप्न मांडतात आणि मग घरचे ऐकत नाहीत म्हणून रुसतात. मी बाबांना बराच वेळ कलेचं महत्त्व समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “किती महिने?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यांदा गेले ते टप्पा १ चा कागद घेऊन. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, विम्याचा हप्ता विसरलाय म्हणाले (विसरलाच होता) आणि विषय तिथे संपला.

राजीनाम्याची तारीख करार बघून ठरवा: नोटीस किती दिवसांची, बोनस कोणत्या तारखेला नोकरीत असणाऱ्याला मिळतो, उरलेल्या रजेचे पैसे होतात का. आधी वरिष्ठांना समोर बसून सांगा, मग तीन ओळींचं पत्र द्या. पत्रात कारणमीमांसा नको, तक्रारी तर नकोतच. ‘आठवड्यातून दोन दिवस किंवा कामापुरतं बाहेरून काम करायला मला आवडेल’ हे मात्र तोंडी जरूर सांगा. तुमचं काम ज्यांना आधीच माहीत आहे असा क्लायंट दुसरा कुठून आणणार? कामाची सूत्रं सोपवताना लिहून द्या, नीट. दोन वर्षांनी तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर तिथल्या लोकांना तेवढंच आठवणार आहे.

## टप्पा ६: पहिले चार आठवडे

विश्रांती घ्या, पण तारीख घालून. एक आठवडा पुरे. ‘जरा मोकळं वाटू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचा महिना कसा जातो ते त्यांनाही कळत नाही.

सकाळी आधी चित्रकला, नंतर क्लायंट. क्लायंटचं काम मागे पडलं तर फोन येतो, चित्र मागे पडलं तर कुणाचाच येत नाही. म्हणून ज्याचा फोन येत नाही ते आधी. सकाळचे ३ तास मेल उघडायचा नाही, आणि क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगायचं की उत्तर दुपारी मिळेल. कुणाचं काही अडत नाही. मला मात्र अडेल असं वाटायचं आणि मी बाथरूममध्ये जाऊन मेल बघायचे.

उत्साहात पहिल्याच आठवड्यात रोज ७-८ तास रेखाटन करू नका. मनगट धरतं आणि मग दोन आठवडे काहीच नाही. पाऊण तास काम, दहा मिनिटं उठून फिरणं. मोठी रेषा खांद्यातून ओढा, बोटांतून फक्त बारकावे.

तपासा: चौथ्या आठवड्याअखेर वहीत १५ सकाळच्या बैठका आणि निदान एक निघालेलं बिल आहे का? बैठका आहेत पण बिल नाही, तर पाठपुराव्याची वेळ ठरवून घ्या. बिलं आहेत पण बैठका नाहीत, तर तुम्ही नोकरी सोडून दुसरी नोकरी धरली आहे.

## टप्पा ७: स्वतःचा अभ्यासक्रम

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर. चूक एकच, रूपं अनेक: लोक शिकण्याऐवजी शिकायची साधनं गोळा करतात. सात कोर्स विकत घेतलेले, प्रत्येकाचे पहिले दोन धडे पाहिलेले. एका तिमाहीला एक विषय आणि एकच मुख्य साधन, असं बांधून घ्या.

माझा क्रम: पहिली तिमाही रेषा आणि प्रमाण, दुसरी छायाप्रकाश, तिसरी यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आणि मानवाकृती, चौथी रंग. रंग शेवटी, कारण उजेड-अंधाराची पातळी चुकली असेल तर कितीही सुंदर रंग लावा, चित्र उभं राहत नाही. हा क्रम सगळ्यांना पटणार नाही, पण कुठलातरी एक धरा आणि वर्षभर बदलू नका.

रोजचे तीन तास. पहिली २० मिनिटं जलद रेखाटनं: ३० सेकंदांची १०, एक मिनिटाची ५, दोन मिनिटांची ५. यात चेहरा नाही, बोटं नाहीत, फक्त शरीराचा कल आणि वजन कुठल्या पायावर आहे ते. मग दीड तास मुख्य अभ्यास. मग अर्धा तास तेच चित्र न बघता, आठवून. शेवटची १५ मिनिटं तपासणी आणि नोंद. मधे उठणं धरून तीन तास होतात. आठवून काढायचा भाग लोक गाळतात, कारण त्यात लाज वाटण्यासारखं चित्र येतं. आपण काय नुसतं पाहिलं आणि काय समजून घेतलं, ते त्यातच उघडं पडतं.

प्रमाण. पेन्सिल हातात धरून हात पूर्ण ताणा, कोपर ताठ, एक डोळा मिटा आणि मापं घ्या. कोपर वाकलं की माप बदललं. डोकं काढताना डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिका ते हमखास वर चढवतो आणि कपाळच नाहीसं होतं. उभ्या प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. आणि वस्तूइतकंच तिच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेच्या आकाराकडे बघा. खुर्चीचे पाय काढू नका, पायांमधली भोकं काढा. पाय आपोआप जागेवर येतात.

छायाप्रकाश. एक चुरगळलेली कागदी पिशवी, एका बाजूने एकच दिवा, खोलीतले बाकीचे बंद. डोळे किलकिले करा म्हणजे बारकावे विरघळतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. आधी फक्त दोन भाग करा, उजेड आणि सावली. मग पाच छटांपर्यंत जा, त्याहून जास्त नको. सावलीच्या भागात परावर्तित उजेडाची एक फिकट पट्टी दिसते, आणि तिच्यावर सगळे भाळतात. ती आजूबाजूच्या काळ्यामुळे फिकट भासते एवढंच. तिला उजेडाच्या बाजूइतकी पांढरी केलीत तर पिशवीचा फुगीरपणा जातो आणि ती पत्र्याची दिसायला लागते. पडताळा सोपा आहे: सावलीतली सगळ्यात फिकट छटा उजेडातल्या सगळ्यात गडद छटेपेक्षा गडद असली पाहिजे.

नक्कल करून शिकणं. यात कमीपणा नाही, फक्त शिस्त हवी. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे रेखाटनाचे तक्ते १८६० च्या दशकापासून निघाले ते विद्यार्थ्यांनी नक्कल करावी म्हणूनच, आणि २७ व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवल्यावर व्हॅन गॉगने १८८० मध्ये तेच गिरवायला घेतले होते. आज न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या, स्पष्ट प्रतिमा फुकट उतरवता येतात. आठवड्याला एक चित्र घ्या आणि फक्त एकाच प्रश्नासाठी नक्कल करा: सगळ्यात गडद जागा कुठे ठेवली आहे, किंवा कडा कुठे पुसल्या आहेत. सगळंच शिकायला गेलात तर फक्त हात दुखतो.

चूक कशी शोधायची. शिक्षक नसतो ही स्वतः शिकण्यातली खरी अडचण. चित्र आरशात बघा, उलटं धरा, शेजारी वस्तूचा फोटो ठेवून ताडा. मग तीन चुका लिहा, मोजता येतील अशा. ‘नीट नाही आलं’ ही नोंद नव्हे, ‘कान अर्धा इंच खाली’ ही नोंद. माझ्या वहीत एकदा सलग ११ पानांवर एकच शेरा होता: ‘लांबट, वरचा भाग मोठा’. मला वाटलं नजरच वाकडी आहे. कारण टेबल होतं. कागद आडवा सपाट ठेवून काढलं की त्याची लांबची बाजू नजरेला आखूड दिसते, आणि ती भरून काढायला हात वरचा भाग ताणतो. बोर्ड तिरका केला आणि बाराव्या पानावर शेरा गेला.

तपासा: तिमाहीतून एकदा एखाद्या काम करणाऱ्या चित्रकाराला तासाचे पैसे देऊन दहा कामं दाखवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, कुणीही छानच म्हणतं. ‘पुढचे तीन महिने फक्त एक गोष्ट सुधारायची तर कोणती?’ हे विचारा.

## टप्पा ८: क्लायंटचं काम सकाळ खायला लागलं, तर

खाणारच. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, जेव्हा कामं बरी येऊ लागतात तेव्हा. आठवड्याच्या तासांना कमाल मर्यादा घाला, त्यापुढचं काम पुढच्या तारखेला. तातडीच्या कामाला जादा दर, आधीच लिहून ठेवलेला. एखादी सकाळ गेलीच, तर ती त्याच आठवड्यात भरून काढायची. पुढच्या महिन्यात भरू म्हटलेली सकाळ मी अजून भरते आहे.

एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं तर तो खुशीचा नाही, धोक्याचा आकडा समजा. आणि कामाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

## टप्पा ९: चित्र विकायला कधी काढावं

पहिल्या वर्षात शक्यतो नाही. अनोळखी माणसं आपणहून विचारू लागली की एखादं काम घ्या, तेही जे तुम्हाला आधीपासून जमतं त्यातलं. शिकणं सुरू असलेला भाग गिऱ्हाइकावर करून बघायचा नाही. माझे खिशातले हात आठवा.

चित्र विकणं आणि चित्राचे हक्क विकणं या दोन गोष्टी आहेत. बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत चित्र तयार होताच हक्क निर्माण होतो, नोंदणीची अट नसते. कागदावरचं मूळ चित्र विकलं म्हणून छापण्याचा हक्क सहसा आपोआप जात नाही, पण करारात ‘सर्व हक्क’ लिहिलं असेल तर जातो. म्हणून कशासाठी, किती काळ आणि कुठे वापरायचं, हे लिहून घ्या. छापायला द्यायची फाइल इंचाला ३०० पिक्सेलची हवी. ए४ आकाराला ते २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. छोटी फाइल ताणून मोठी केलेली छापखान्यातल्या माणसाला लगेच कळते.

पोर्टफोलिओत १२ चित्रं पुरतात. नक्कल केलेली आणि दुसऱ्याच्या फोटोवरून गिरवलेली त्यात नकोत. बारावं चित्र कमकुवत असेल तर अकरा ठेवा. बघणारा तुम्हाला त्या बाराव्यावरूनच जोखतो.

## टप्पा १०: परतीची रेषा

ही रेषा टप्पा १ च्या त्याच कागदावर, राजीनाम्याआधी आखायची: शिल्लक ३ महिन्यांच्या खर्चावर आली, की नोकरी शोधायला सुरुवात. शून्यावर आल्यावर नाही. नोकरी मिळायला वेळ लागतो, आणि पैसे संपलेला माणूस मुलाखतीत मिळेल त्याला हो म्हणतो. ३०० च्या अडीअडचणीच्या रकमेला तोवर हात लावायचा नाही.

परत जावं लागलं तर आधी अर्धवेळ किंवा आठवड्यातले ठरावीक दिवस असं काम बघा. बायोडेटात मधला काळ ‘स्वतंत्र व्यवसाय’ म्हणून लिहा, क्लायंटच्या कामांसकट. लपवायचं काही नाही, बिलं आहेत. माझी रेषा १४ व्या महिन्यात आली. मी आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी धरली, आणि सकाळची बैठक तीन तासांवरून तासावर आणली.

एक चाचणी पहिल्याच दिवसापासून ठेवा. स्वतःचा डावा हात (डावखुरे असाल तर उजवा), एकाच स्थितीत, एकाच दिव्याखाली, ४५ मिनिटांत. दर तीन महिन्यांनी तोच हात, मागचं चित्र न बघता. मागे तारीख टाका आणि लखोट्यात घाला. वर्ष झाल्याशिवाय उघडू नका. माझ्या लखोट्यातल्या पहिल्या चित्रात चार बोटं आहेत. पाचवं मागे दडलंय, असं मी तेव्हा खाली लिहूनही ठेवलं होतं.